डावीकडचं वजन

परतूरहून वाटूरकडे जाणारा रस्ता साधारण दक्षिणोत्तर आहे, आणि जून-जुलैत आमच्याकडे सुटतो तो वारा पश्चिमेचा. म्हणजे सकाळी शाळेला जाताना वारा डाव्या अंगावर आणि घरी येताना उजव्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. गणित सोडवण्याआधी काय दिलेलं आहे ते लिहून घ्या, असं पोरांना सांगून सांगून मलाच ती खोड लागली आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

माझी मोटारसायकल शंभर सीसीची, हलकी. घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यानं चांगल्या दणकट गाड्या दाखवल्या होत्या. बायकोनं एकेक गाडी मागून ढकलून पाहिली आणि ही पसंत केली. "बंद पडल्यावर ढकलायला मलाच लागंल," ती म्हणाली. शोरूमवाला हसला. पुढे गाडी कितीतरी वेळा बंद पडली आणि दर वेळी तिनंच ढकलली, कारण मी हँडल धरून वर बसलेला असायचो.

हलक्या गाडीला समोरचा वारा फारसा त्रास देत नाही. एक गिअर कमी करायचा आणि चालत राहायचं. बाजूचा वारा मात्र खोडसाळ. बाभळींची रांग असते तोवर काही जाणवत नाही. रांग संपून नांगरलेलं उघडं रान लागलं, की कुणीतरी खांद्याला धक्का दिल्यासारखी गाडी हातभर बाजूला जाते. मग वाऱ्याच्या अंगाला कलून चालवायचं. आणि आपण असे कललेले असताना वारा पडला, तर आपणच त्या बाजूला ओढले जातो. येताना वारा उजवीकडून असतो आणि समोरचे ट्रकही उजवीकडूनच जातात. सळईचा उघडा ट्रक असेल तर ठीक, वारा त्याच्या वरून येत राहतो. बंद कंटेनर आला, की तो शेजारून जाईपर्यंत वारा एकदम बंद होतो, आणि तो गेला की दुप्पट जोरानं अंगावर येतो. त्या दोन क्षणांत गाडी ज्याला सांभाळता आली, तो घरी जाऊन जेवतो.

म्हणून वाऱ्याच्या दिवसांत आमच्याकडे हलकी गाडी कुणी रिकामी नेत नाही. मागे कुणालातरी बसवतात. फाट्यावर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला चक्क "चला, वजनाला चला" अशी हाक मारतात, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. माणूस नाही मिळालं तर मिठाची नाहीतर पेंडीची गोणी बांधतात.

मला कधी हाक मारावी लागली नव्हती. माझी बायको त्याच गावात अंगणवाडीची बाई होती, जिथं माझी शाळा. आम्ही वर्षानुवर्षं बरोबर गेलो आणि बरोबर आलो. ती साडीत असायची, त्यामुळे एका बाजूला बसायची, दोन्ही पाय डावीकडे. जाताना वारा थेट तिच्या तोंडावर यायचा, येताना पाठीवर. ती भरल्या अंगाची होती आणि त्यावरून चिडवलेलं तिला अजिबात खपायचं नाही. पण वारा सुटला की स्वतःच म्हणायची, "ठेवा अजून मला नावं. मी न्हाई बसले तर उडून जाताल बिलकुल."

रस्ताभर ती बोलायची. अंगणवाडीतल्या पोरांचं, सुपरवायझर बाईंचं, शेजारणीच्या सुनेचं. पुढे बसलेल्या माणसाला वाऱ्यात काय ऐकू येणार? पाचातला एखादा शब्द यायचा. मी मधून मधून "हं" म्हणायचो. तिला तेवढं पुरायचं, की तिला ठाऊक होतं आणि तरी ती बोलायची, ते मला सांगता येणार नाही.

ती गेली मे महिन्यात, सुट्टीत. सकाळभर आम्ही वर्षाची ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरत होतो. मी पोती उचलत होतो आणि ती थर देत होती, ज्वारी, मग कडुलिंबाचा पाला, पुन्हा ज्वारी. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, जरा पडते. चहाच्या वेळेला मी गॅसवर दूध ठेवलं आणि तिला उठवायला गेलो.

पुढचं सगळं मला स्वच्छ आठवतं. शेजारचे आले, डॉक्टर आले, झोपेतच गेल्या म्हणाले. कुणीतरी माझ्या हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं. दाताच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर गाल आपल्याच हाताला लागतो, पण तो आपला वाटत नाही. मला सगळं अंगच तसं लागत होतं. दिवेलागणीला आमची एकुलती एक मुलगी जालन्याहून आली. ती तिथं नोकरी करते, खोली घेऊन राहते. दारातूनच मोठ्यानं रडत ती माझ्या गळ्यात पडली, आणि मी तिला म्हणालो, "दूध उतू गेलं गं."

ती बाजूला झाली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

नंतरचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. जो तो मला सांगे, "रडून घ्या गुरुजी, मोकळं व्हा." जणू माझी लघवी तुंबली होती. मला रडू येत नव्हतं. भूक लागत होती, झोपही लागत होती, आणि झोप लागते हे लोकांना आवडत नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि निघायच्या दिवशी मुलीनं मला सरळ विचारलं.

"पप्पा, तुम्हाला आईचं काहीच वाटत न्हाई का?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "न्हाई," मी म्हणालो. "काहीच वाटून न्हाई राह्यलं."

मला म्हणायचं होतं की दुःखाच्या जागी हात लावतोय आणि तिथं काही लागत नाही. पण तिनं ऐकलं ते वेगळं, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ती बॅग घेऊन बसस्टँडवर गेली. मला सोडायला येऊ दिलं नाही. त्यानंतर तिचा फोन यायचा तो कामापुरता. जेवला का, गोळी घेतली का, बरं ठेवते. बायको गेल्याचं मला अजून काही कळत नव्हतं, पण मुलगी हातची चालली आहे हे नीट कळत होतं. ते थांबवायला काय करावं हे मात्र सुचत नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी पहिल्यांदा एकटा निघालो. त्या सकाळी वारा भरात होता. परतूर सोडून उघड्या रानाला लागलो आणि गाडी उजवीकडे जी निघाली ती थेट रस्त्याच्या मधोमध. मागून येणाऱ्या जीपवाल्यानं माझ्या आईचा उद्धार करत गाडी काढली. मी पुन्हा डावीकडे आलो, पुन्हा मधोमध गेलो. मोटारसायकल मला नवीन नव्हती, रस्ता नवीन नव्हता, वाराही नाही. तरी पोरगं पहिल्यांदा सायकल शिकतं तसा मी वाटूर फाट्यापर्यंत आलो. घाबरलो होतो का? नाही. आपण ट्रकखाली जाऊ शकतो, असं मनात आलं, आणि उद्या शनिवार आहे असं मनात यावं तसं आलं आणि गेलं.

फाट्यावरच्या चहावाल्यानं मला येताना पाहिलं होतं. "गुरुजी, वजन न्हाई का मागं?" असं म्हणून गेला आणि जीभ चावली. मग हळू आवाजात म्हणाला, "गोणी बांधत जा हो."

घरी ज्वारी होती. दोघांच्या वर्षाची. मला भाकरी थापता येत नाही, माझा डबा बाहेरून येत होता, त्यामुळे कोठी जशीच्या तशी. मी अर्धं पोतं काढलं. ज्वारीबरोबर वाळलेला पाला आला, तो वेचत बसलो नाही. पोतं सीटवर आडवं टाकलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गाडी थोडी बरी चालत होती, पण ओढ तीच. थांबून पोतं जरा डावीकडे सरकवलं. मग आणखी सरकवलं. ते अर्धंअधिक बाहेर लोंबायला लागलं तेव्हा गाडी सरळ धावली. जाताना सरळ, येताना सरळ. मी त्यावर खूश होतो, म्हणजे त्या दिवसांत मी जेवढा खूश होऊ शकत होतो तेवढा.

संध्याकाळी फाट्यावर थांबलो की चहावाला पोत्याकडे बघे.

"गुरुजी, पडून राह्यलं ते."

"न्हाई पडत."

"आन् आता वारा उजवीकडून हाय. वजन उजवीकडं पाहिजे, तुम्ही डावीकडं बांधलं. गणित शिकवता ना तुम्ही?"

"पोरांला शिकवतो," मी म्हणालो. "पोत्याला न्हाई."

बाकड्यावरचे सगळे हसले. त्याचं म्हणणं बरोबर होतं, फळ्यावर आकृती काढून मी ते सिद्ध करून दिलं असतं. एका संध्याकाळी त्याचं ऐकून पोतं उजवीकडे घेतलंही. थोडं अंतर गेलो नाही तोच गाडी भलतीकडे जायला लागली. उतरलो आणि परत डावीकडे बांधलं. असं का, ते मी शोधलं नाही. शोधायची इच्छाच कशाची नव्हती.

जुलैत मुलीचा फोन आला. अंगणवाडीवर नवीन बाई येणार होती आणि आईचं सामान तिथं पडून होतं. "ते मी आणते," ती म्हणाली. "तुम्ही नका आणू." मी बरं म्हणालो. शुक्रवारी संध्याकाळी ती आली. दारात गाडी उभी होती, पोतं बांधलेलं. तिनं चप्पलही काढली नाही, आधी पोत्याला हात घातला.

"हे काय?"

"वजनाला. वारा लई हाय."

"असं कुणी बांधतं का? तिरपं?" तिनं ट्यूब सैल करून पोतं सीटच्या मधोमध आणलं, ओढून घट्ट बांधलं, आणि आत गेली. घरात ती माझ्याशी तेवढ्याच सुरात बोलत राहिली. स्वयंपाकघरातले डबे तिनं पुसले, कोठीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. जेवताना आमच्या दोघांत टीव्ही बोलत होता.

शनिवारी सकाळची शाळा. पोतं सोडून घरात ठेवलं आणि ती मागे बसली, जीन्स घालून, दोन्हीकडे पाय टाकून, पोरं बसतात तशी. रस्त्यात तिनं दोनदा माझ्या पाठीवर थाप मारली. "पप्पा, मधी चालून राह्यले तुम्ही." मी गाडी डावीकडे घेत होतो आणि ती परत मध्ये येत होती. सकाळचा वारा अजून भरात आला नव्हता म्हणून निभावलं.

शाळा सुटल्यावर अंगणवाडीत गेलो. सामान एका पिशवीत मावलं. छत्री, स्टीलचा डबा, थंडीत पांघरायची शाल, वर्गात घालायची चप्पल. मुलगी शाल नाकाशी धरून भिंतीकडे तोंड करून रडली. मी दारात उभा होतो. भिंतीवरचं फळांचं चित्र एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते मी अंगठ्यानं दाबून पाहत होतो. वळून तिनं मला ते करताना पाहिलं. तिच्या नजरेत रागही उरला नव्हता. माणूस एखाद्याचा नाद सोडतो तेव्हा बघतो तशी ती बघत होती, आणि ते मला दिसत होतं, आणि माझा अंगठा चित्रावरच होता.

आम्ही निघालो तेव्हा दुपार झाली होती आणि वारा पुरता उठला होता. रानातली माती रस्त्यावरून वाहत होती. वाटूर फाटा मागे पडला, बाभळी संपल्या, आणि मी रोज कलतो तसा उजवीकडे कललो. गाडी उजवीकडे धावायला लागली. मी ओढून आणली. पुन्हा कललो, पुन्हा तेच. मुलगी मागून ओरडत होती, वाऱ्यात शब्द कळत नव्हते. समोरून कंटेनर आला. आता वारा तुटणार हे मला माहीत होतं, हात तयार होते. तरी तो शेजारी आला आणि वारा बंद झाला तशी गाडी अशी काही त्याच्याकडे गेली, की त्याची चाकं माझ्या गुडघ्याजवळून फिरत गेली. मग वारा परत आदळला आणि आम्ही डावीकडे फेकले गेलो, साईडपट्टीच्या मुरमात. पडलो नाही. पाय टेकवून थांबलो.

मुलगी उतरली.

"कंटेनरखाली घालून राह्यलते तुम्ही मला!"

"वारा उजवीकडून—"

"वारा एवढा न्हाई! वाऱ्यापेक्षा जास्त कलून राह्यले तुम्ही. मला मागून दिसत न्हाई का? सकाळी पण तसंच. सरळ का न्हाई बसत?"

मी गाडीकडे पाहिलं. मग सीटकडे. आणि फळ्यावर दिलेल्या गोष्टी लिहाव्यात तसं म्हणालो, "तू मधी बसलीस."

"मंग? कुठं बसू?"

"तुझी आई डावीकडं बसायची. दोन्ही पाय डावीकडं. तिचं वजन तिकडं, वाऱ्याचा जोर पण तिकडं. म्हणून मी एवढा उजवीकडं कलतो. मला तसंच चालवता येतं."

तिची वेणी वाऱ्यानं तोंडावर येत होती, ती तिनं धरून ठेवली.

"आन् पोतं?" तिनं विचारलं. "पोतं म्हणून तिरपं होतं?"

"असंल. मला आत्ताच कळून राह्यलं."

तिनंही सीटकडे पाहिलं. मग तिनं पिशवी उचलली, आणि मागे बसली. एका बाजूला. दोन्ही पाय डावीकडे घेऊन, पिशवी मांडीवर. तिला तसं बसायची सवय नाही, नीट बसेपर्यंत दोनदा घसरली. "चला," ती म्हणाली.

मी गाडी काढली. उघडं रान लागलं, वारा आला, मी कललो. गाडी सरळ धावली. हँडलला बोट लावायची गरज नव्हती. मे महिन्यानंतर पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. पाठीला ते ओळखीचं, डावीकडे ओढणारं वजन होतं, इंजिनाचा आवाज होता, मातीचा वास होता. मागून ती काहीतरी बोलली. वाऱ्यात गेलं. मी म्हणालो, "हं."

आणि ते म्हटल्याबरोबर मला कळलं की मागे ती नाही. माझी बायको मेली आहे. ती रोज या रस्त्यावर मला काहीतरी सांगत होती आणि ते मी ऐकलं नाही, आणि आता ते कुणालाच माहीत नाही. घशातून एक विचित्र आवाज आला, तो माझा आहे हे समजायला मला वेळ लागला. समोरचं दिसेना. एका बाभळीखाली गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"काय म्हणलीस तू?" मी मागे वळून विचारलं. "आत्ता. मला ऐकू न्हाई आलं. परत सांग."

"काही न्हाई. ज्वारीचं म्हणून राह्यलते. एवढी पडून हाय, किडे लागतील, दळून घेऊ म्हणलं—" आणि मग तिला माझं तोंड दिसलं.

"तू विचारलं होतंस ना मला," मी म्हणालो. "काही वाटतं का म्हणून."

तिनं मान हलवली.

"वाटून राह्यलं," मी म्हणालो. पुढे बोलता येईना.

ती उतरली नाही. तशीच, एका बाजूला बसलेली, तिनं पिशवी एका हातानं धरली आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. तीही रडत होती. रस्त्यावरून जाणारे आमच्याकडे बघत होते. मग तिनं माझ्या खांद्यावरून पुढे पाहिलं.

"कंटेनर येऊन राह्यलाय," ती म्हणाली. "त्याला जाऊ द्या. मंग निघू."